पंचेचाळीस अंशांची हुशारी

आमच्या दोघींत मिळून एक कंपास पेटी होती. दोघी म्हणजे मी पासलीची आणि ती उत्रोलीची, भोरच्या हायस्कुलात आठवीपासून एका बाकावर. पेटी आली त्याच दिवशी वाटणी झाली. कर्कटक आणि कोनमापक तिच्याकडे, कारण मी वस्तू हरवते, हे तिचं मत. पट्टी माझ्याकडे, कारण तिच्याकडे आधीची होती. मग राहिली ती गुण्यांची जोडी. एका गुण्याला तीस आणि साठ अंशांची टोकं, दुसऱ्याची दोन्ही टोकं पंचेचाळीसची. पंचेचाळीसचा मी उचलला. मला तो दिसायला नेटका वाटला, असं मी तिला सांगितलं. खरं कारण आत्या होती.

मी भोरात आत्याकडे राहायचे. पासलीहून रोज शाळेला येणं अशक्यच होतं, म्हणून वडिलांनी मला बहिणीच्या पदरात टाकलं होतं. आत्या शिवणकाम करायची. झंपराच्या गळ्याला, बाहीला जी उरेबी पट्टी लावतात ती काढायला कापड तिरकं कापावं लागतं, बरोबर अर्ध्या काटकोनात. कापडाचं टोक दुमडून ती अंदाज घ्यायची, पण माझा गुण्या पाहिला आणि तिचे डोळे चमकले. तेव्हापासून तो सकाळी शाळेत आणि दुपारनंतर आत्याच्या मशीनवर असायचा. त्याच्या कडेला कायम तिच्या निळ्या खडूची भुकटी. वर्गात मी तो काढला की वहीवर निळी रेघ उमटायची.

गणितात मी हुशार होते. म्हणजे, मला तसं वाटायचं, आणि मी ते इतक्या ठामपणे बोलायचे की बाकीच्यांनाही वाटू लागलं. आज नातीच्या वह्या बघताना त्या हुशारीची गुपितं आठवतात आणि हसू आवरत नाही. त्रिकोणमितीत आम्हाला नित्यसमानता होत्या. डावी बाजू दिलेली, उजवी बाजू दिलेली, दोन्ही सारख्या आहेत हे सिद्ध करा. मी काय करायचे, डावीकडून तीन पायऱ्या उतरायचे. मग पानाच्या तळाशी उजवी बाजू लिहून तिथून दोन पायऱ्या वर चढायचे. मधे जिथं रस्ताच नसायचा तिथं ‘म्हणून’ एवढा एक शब्द झोकात लिहून द्यायचे. बऱ्याचदा चालून जायचं. एकदा मात्र सरांनी त्या ‘म्हणून’भोवती लाल गोल काढला आणि शेजारी लिहिलं, ‘हा कोण?’

उत्रोलीकरीण असलं काही करायची नाही. तिची वही म्हणजे नुकतं भाताचं आवण झालेलं खाचर, रोपं एका ओळीत. दौतीत टाक बुडवून ती पट्टीशिवाय सरळ रेघ मारायची आणि शाईचा एक ठिपका सांडायचा नाही. मला तिच्या त्या रेघांचा हेवा वाटायचा. म्हणून मी तिला ‘हळूबाई’ म्हणायचे.

आम्ही मॅट्रिक झालो त्या वर्षी गणिताच्या सरांनी एक कात्रण आणलं. एका सरकारी खात्यात नकाशे काढायला अनुरेखक हवे होते, मुलींनाही घेणार होते, पण आधी पुण्यात परीक्षा. परीक्षेत रेखाचित्रं आणि गणित. ते कात्रण तिनं दोन्ही हातांत धरून वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं. मला नकाशांशी काही देणंघेणं नव्हतं, मला पुण्याला जायचं होतं. तिला मात्र दिवसभर रेघा मारायची नोकरी जगात कुठंतरी आहे हेच आत्ता कळलं होतं.

घरून परवानगी कशी मिळाली ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझे वडील पासलीहून तांदूळ घेऊन आत्याकडे आले होते. त्यांनी आत्यालाच विचारलं की पोरगी एकटी पुण्यात कशी राहणार. उत्रोलीला तिच्या आईनंही तेच विचारलं. तिला वडील नव्हते. शेती, घर, पोरी, सगळं तिची आई बघायची, आणि तिचा शब्द मोजका असायचा. ती म्हणाली, “एकटी न्हाई. दोघी असशीला तर जावा.” हे माझ्या वडिलांच्या कानावर गेलं, त्यांनाही पटलं. झालं. आम्ही दोघींनी मनात पक्कं धरलं की दोघी पास झालो तर दोघी जाणार, एक नापास झाली तर कुणीच नाही. तिनं तेव्हा माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं होतं. मला वाटलं, बिचारीला स्वतःची भीती वाटतेय. मी तिच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, घाबरू नको, मी आहे ना.

सरांनी कुठूनशी मागच्या परीक्षेची एक प्रश्नपत्रिका मिळवली. ती बघून माझं तोंड उतरलं. ‘सिद्ध करा’ कुठंच नव्हतं. ‘सोपे रूप द्या’, ‘किंमत काढा’, असलंच सगळं. नुसती डावी बाजू. मी सरांना विचारलं, उजवी बाजू छापायची राहिली का? सर म्हणाले, “ती तुम्ही आणायची.”

आता माझ्यासारखीनं करायचं काय? दोन्ही टोकांकडून चढ-उतार करणारी मी, माझं एक टोकच काढून घेतलेलं. उत्रोलीकरणीनं मुकाट्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक. त्याच्या दोन बहिणी, टॅन-सेकची आणि कॉट-कोसेकची. कुठं एक दिसला की त्याच्या जागी काय ठेवता येईल, कुठं खालचा छेद गैरसोयीचा असेल तर त्याच्या जोडीदारानं वरखाली गुणायचं, असं ती उदाहरणामागून उदाहरण सोडवत सुटली. आत्याच्या परड्यातल्या दगडावर बसून, मांडीवर पाटी घेऊन. मी शेजारी शेंगा खात होते आणि हाच प्रश्न विचारत होते, की यात सोपा रस्ता कुठं आहे?

तो मला सापडला. हाय रे दैवा, मला तो खरंच सापडला.

एक उदाहरण होतं. साइन आणि कॉसच्या बेरजेचा वर्ग, त्यात त्यांच्या वजाबाकीचा वर्ग मिळवा, किंमत काढा. आत्या आत उरेबी पट्ट्या कापत होती, गुण्या तिच्या हातात. मी त्या गुण्याकडे बघत म्हटलं, थीटा कितीही असू दे म्हणतात ना? मग तो पंचेचाळीस असू दे. पंचेचाळीसला साइन आणि कॉस सारखेच. वजाबाकी गेली उडून, शून्य. बेरजेचा वर्ग आला दोन. उत्तर दोन. पुस्तकाच्या मागच्या पानावर उत्तर पाहिलं, दोन! पाच ओळींचं काम मी शेंग सोलता सोलता केलं होतं. पुढची तीन उदाहरणं तशीच पडली. टॅन पंचेचाळीस एक, कॉट पंचेचाळीस एक, सगळं कसं गुळगुळीत. मी उठून परड्यात नाचले. आत्यानं खिडकीतून विचारलं काय चावलं म्हणून.

उत्रोलीकरणीनं पाटी बाजूला ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, “जे सगळ्या कोनांना खरं ते पंचेचाळीसलाही खरं, हे कळलं. पण पंचेचाळीसला खरं ते सगळ्यांना खरं कशावरून?”

मी तिला शंकासुर म्हटलं. म्हटलं, तुला पंचेचाळीस आवडत नसेल तर तू तुझ्या गुण्याचा तीस टाक, साठ टाक, पण डोकं खाऊ नको. तिनं मान हलवली आणि पाटी परत मांडीवर घेतली. मी तिला किती मोठी देणगी दिली याच्या आनंदात पुढचे दोन महिने घालवले. वैशाख पौर्णिमेला त्यांच्या घरची खीर खायला गेले तेव्हा तिच्या आईला सांगितलं, काकू, मी हिला एक युक्ती शिकवलीय, ही आता पास झालीच म्हणून समजा. काकूंनी माझ्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेलो, आत्या सोबत. रेखाचित्रं जेमतेम झाली. गणिताचा पेपर मात्र मी अर्ध्या वेळात उडवला. तिसरं उदाहरण अजून पाठ आहे. एक अपूर्णांक, वर साइन थीटा, खाली एक अधिक कॉस थीटा. त्यात मिळवायचा त्याचाच उलटा अपूर्णांक. सोपे रूप द्या. मी टाकला पंचेचाळीस, किंमत आली दोन वर्गमूळ दोन. आता वर्गमूळ दोन म्हणजे पंचेचाळीसचा सेक. उत्तर लिहिलं, दोन सेक थीटा. खाली दुहेरी रेघ. बाकीच्यांचंही असंच. मग मी हाताची घडी घालून बसले आणि पुढच्या बाकावरच्या उत्रोलीकरणीची वेणी बघत राहिले. ती घंटा होईपर्यंत लिहीत होती. मला तिची इतकी कीव आली!

परतीच्या गाडीत आत्याला झोप लागली. शिवापूर मागं पडल्यावर मी उत्रोलीकरणीला विचारलं, तिसऱ्याचं काय आलं?

“दोन कोसेक थीटा.”

“चुकलीस,” मी म्हटलं. “सेक. पंचेचाळीस टाकून बघ. दोन वर्गमूळ दोन.”

“माझंही पंचेचाळीसला तेवढंच येतं,” ती म्हणाली.

मग तिनं खिडकीच्या काचेवरच्या धुळीत बोटानं तीस लिहिलं. मूळ उदाहरणात तीस टाकला, उत्तर आलं चार. तिच्या कोसेकमध्ये टाकला, चार. माझ्या सेकमध्ये टाकला आणि चाराच्या खाली वर्गमूळ तीन येऊन बसलं. तिनं ते पुसलंही नाही, बोट तसंच काचेवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. वरवे आलं. दोन माणसं चढली, एकाच्या हातात कोंबडी होती. मी त्या कोंबडीकडे बघत बाकीची उदाहरणं मनात मोजली. जिथं साइन हवा तिथं मी कॉस लिहिला होता, जिथं कॉट हवा तिथं टॅन. काही ठिकाणी नशिबानं बरोबर असेलही. पंचेचाळीसला ती भावंडं इतकी सारखी दिसतात की कोण कुठलं ते ओळखायला काही खूणच उरत नाही, आणि मी नेमका तोच एक कोन जन्माचा सोबती केला होता.

“पण युक्ती तर तूही वापरलीस,” मी म्हटलं.

“मी आधी चार ओळी लिहून उत्तर काढलं,” ती म्हणाली. “तुझी युक्ती मागून लावली, तपासायला. तीस आणि साठ, दोन्ही.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी आत्याला सगळं सांगितलं, अर्थात निम्मा दोष गुण्यावर टाकून. आत्या जन्मात कधी शाळेची पायरी चढली नव्हती. तिनं उरेबी पट्टीचा एक तुकडा उचलला, दोन्ही हातांनी ताणला आणि माझ्यासमोर धरला. “ह्यात उभा धागा कंचा न् आडवा कंचा, वळखून दाव.” मला येईना. “उरेबात कळतच न्हाई,” ती म्हणाली. “दोन्ही सारखंच ताणत्यात. म्हनून तर कापायच्या आधी कापडाची किनार बघून घ्यायची असती. तुला येवढं ठावं न्हवतं व्हय? हितं तर बसलेली असतीस रोज.”

निकाल कापणीच्या दिवसांत लागला. मला पत्र आलं नाही. तिला आलं की नाही ते कळेना, कारण ती भोरात फिरकलीच नाही. शेवटी बाजाराच्या दिवशी भेटली. पत्र आल्याला आठ दिवस झाले होते. तिनं ते बीजगणिताच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि घरी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, का?

“सांगितलं तर आई विचारणार, तुझी मैत्रीण? मग म्हणणार, एकटी नाही. तिच्या तोंडून ‘नाही’ ऐकलं की ते संपलं. न सांगता नुसतं असू दे थोडे दिवस.”

एवढं बोलून तिनं पिशवीतल्या मिरच्या सारख्या केल्या आणि ती निघाली. मी तिथंच उभी. माझ्या आयुष्यात ‘म्हणून’ लिहून सुटता आलं नाही अशी ती पहिली जागा. हजर व्हायची मुदत त्या महिन्याच्या अखेरीला संपत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत उत्रोलीला गेले. काकू खळ्यावर भात झोडत होत्या. वाटेत मी भाषण तयार केलं होतं, ते मी सगळं म्हटलं. पंचेचाळीस अंश, सेक, कोसेक, माझी घमेंड, खिरीच्या दिवशी मारलेली बढाई, आणि दोष माझा आहे, तिचा नाही, तिला अडवू नका. काकू माझ्याकडे न बघता पेंढी आपटत राहिल्या. एक संपली, दुसरी घेतली. दाणे माझ्या पायांवर उडत होते. मग त्या थांबल्या.

“ती पास झाली?”

“व्हय.”

“आन् तू रडतीस कशापायी?”

“तुम्ही म्हणाला होतात, दोघी असलो तरच.”

“आगं, दोघी जावा म्हनले. दोघी पास व्हा, आसं कवा म्हनले? सोबत काय परीक्षा दिऊन करत्यात व्हय? दोन पाय असलं म्हंजी सोबत व्हती.” त्यांनी घराकडे तोंड करून लेकीला हाक मारली. “कागद आन भाईर. किती दिस दडवून ठिवनार?”

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पोस्टमन त्यांच्याच बांधावरून येतो, हे आम्हा दोघी मॅट्रिक पास मुलींच्या लक्षात आलं नव्हतं. त्याही आठ दिवस वाट बघत होत्या, पोरगी आपण होऊन कधी बोलते त्याची.

ती पुस्तक घेऊन बाहेर आली. पत्र काढून आईच्या हातात दिलं. काकूंना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते उलटं-सुलटं करून पाहिलं, पदराला हात पुसून पुन्हा पाहिलं आणि परत पुस्तकात ठेवायला सांगितलं. मग एक पेंढी माझ्या हातात दिली. “आता आलीच हायेस तर झोड. हुशार हायेस न्हवं.” मी दुपारपर्यंत झोडत होते. निम्मे दाणे पेंढीतच राहिले. माझ्यामागून काकूंनी त्या सगळ्या पेंढ्या पुन्हा झोडल्या, पण मला दिसणार नाही अशा बेतानं.

पासलीला माझ्या वडिलांना समजवायला आत्या आली. त्यांनी विचारलं, ती नोकरी करणार, मग ही तिथं काय करणार? आत्या म्हणाली, ही भाकरी करील आणि पुढच्या वेळी परीक्षेला बसेल. वडील म्हणाले, “हिच्या भाकरीवर ती पोरगी जगंल का पण?” आणि हसायला लागले. त्यांचं हसणं म्हणजे होकारच असायचा.

अशी मी पुण्याला गेले, हुशार म्हणून नव्हे, सोबत म्हणून. एका खोलीत आम्ही दोघी. ती सकाळी डबा घेऊन कचेरीत जायची, पारदर्शक कागदावर दिवसभर रेघा मारून संध्याकाळी बोटांना शाई लावून यायची. माझ्या भाकऱ्या कधी त्रिकोणी, कधी चौकोनी. ती म्हणायची, चालेल, क्षेत्रफळ तेवढंच आहे. जेवणाआधी शहाबादी फरशीवर खडूनं ती मला उदाहरण घालायची. पहिल्याच दिवशी तिनं माझा पंचेचाळीसचा गुण्या काढून घेतला आणि स्वतःचा दिला. कोनाची किंमत टाकायची तर आधी चार ओळी लिहून दाखवायच्या, हा तिचा कायदा. मी कुरकुरले, रुसले, एकदा तर तिची भाकरी मुद्दाम करपवली. तिनं ती खाल्ली आणि पुढचं उदाहरण घातलं. हळूहळू मला दिसायला लागलं, त्या एकाच्या पोटात साइन आणि कॉसचे वर्ग कसे बसलेले असतात, योग्य वेळी बाहेर काढले की मोठमोठे अपूर्णांक कसे आपोआप गळून पडतात. हे आधीच दिसलं असतं, जर मी शेंगा खाली ठेवल्या असत्या.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बसले. घंटा होईपर्यंत लिहीत होते. ती अर्ध्या दिवसाची रजा काढून फाटकाशी उभी होती. कसा गेला, वगैरे काही नाही. तिनं एवढंच विचारलं, “पंचेचाळीस टाकलास?”

“शेवटी,” मी म्हटलं. “सगळं झाल्यावर. नुसतं भेटायला.”

पत्र आलं तेव्हा ती माझ्याआधी दारात पोचली होती. काकूंना निरोप गेला, पासलीला गेला. आत्याला मी सविस्तर चार पानं लिहिली. तिचं उत्तर शेजारच्या मुलीच्या अक्षरात पोस्टकार्डावर आलं. पोरगी पास झाली, बरं वाटलं, अंगारा पाठवते. आणि खाली, मुलीनं जसंच्या तसं उतरवलेलं, ‘लग्नसराई आली हाय, गुण्या धाडून दे.’